मास्तर कॉपी करतात म्हणे!



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी वीज होती तेव्हा नेटवर्क नव्हतं आणि नेटवर्क आलं तेव्हा वीज गेली. सूरजागडकडे राहणाऱ्या माणसाच्या ब्लॉगचं वेळापत्रक असंच असायचं, त्याला इलाज नाही.

आज जरा भांडायला बसलो आहे. बल्लारपूरच्या लग्नात पंगतीत आमच्या एका भाचेजावयांनी चारचौघांत वाक्य टाकलं, "मामाजी, जन्मभर परीक्षेत पोट्ट्यांच्या कॉप्या पकडल्या तुम्ही, अन् आता स्वतःच कॉपी केलेले गेम खेळता म्हणे!" सगळे हसले, मीही हसलो. पंगतीत वाद घालू नये अशी आमच्या आईची शिकवण. ब्लॉगवर घालू नये असं मात्र ती कधी म्हणाली नव्हती! आणि हा आरोप एकट्या भाचेजावयांचा नाही. पुण्याची वहिनी, नागपूरचे साडू, दोन-तीन ब्लॉगर मित्र, सगळे थोड्याफार फरकाने हेच बोलले आहेत. शिक्षकाला चोर म्हटलं की ते हसण्यावारी नेता येत नाही. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज या तालुक्यात ड्रायव्हर आहेत, नर्स आहेत, पोलीस आहेत, गुरुजी आहेत. त्यांना मी जे शिकवलं ते खोटं होतं का, असा हा प्रश्न आहे. म्हणून सविस्तर उत्तर.

आधी ज्यांना पत्ताच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्याकडे एक पीएसपी आहे. पूर्ण नाव प्लेस्टेशन पोर्टेबल. सोनी कंपनीने डिसेंबर २००४मध्ये जपानात काढलेलं, हातात धरून खेळायचं यंत्र. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. नातू शाळेत होता तेव्हा नागपूरहून घेतलं होतं. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला आणि यंत्र ट्रंकेत गेलं. कंपनीने २०१४च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबवलं. करोनाच्या काळात नातू घरी अडकला तेव्हा त्याने ते ट्रंकेतून काढलं, नवीन बॅटरी मागवली, आणि त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम बदलून दुसरा घातला. याला 'कस्टम फर्मवेअर' म्हणतात. बाजाराच्या भाषेत 'क्रॅक केलेला पीएसपी'. हा 'क्रॅक' शब्दच घात करतो. ऐकणाऱ्याला वाटतं की तिजोरी फोडली!

या बदलाने होतं काय? पीएसपीचे गेम छोट्या सीडीवर यायचे, तिला यूएमडी म्हणत. एका सीडीत जास्तीत जास्त १.८ जीबी मावायचं. ती फिरवायला आत मोटर. दहा-पंधरा वर्षांनी कुठलीही मोटर दमणारच, माझे गुडघे दमले तशी. आता कस्टम फर्मवेअरमुळे त्या सीडीतला गेम उतरवून मेमरी कार्डात ठेवता येतो आणि तिथूनच चालवता येतो. मोटरला विश्रांती, सीडीला विश्रांती. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनचे (१९९४ साली जपानात आलेल्या, टीव्हीला जोडायच्या यंत्राचे) खेळही त्यात चालतात. घरात त्या जुन्या यंत्राच्या सीड्या होत्याच. त्यातला 'ब्रायन लारा क्रिकेट' मी रोज संध्याकाळी दहा षटकं खेळतो. लाराला त्रास होईल असं खेळतो, पण खेळतो.

आणि हे सगळं नेटवर्कशिवाय! यंत्र पाच व्होल्टवर चार्ज होतं, म्हणजे सौर दिव्याच्या यूएसबीवरसुद्धा. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते तिथे ही लहान गोष्ट नाही.

आता आरोपाकडे येऊ.

आरोप पहिला : ही चोरी आहे.

परीक्षेतली कॉपी चूक का असते? कारण पोरगा दुसऱ्याचं उत्तर स्वतःचं म्हणून मांडतो आणि त्यावर स्वतः मार्क घेतो. त्यात फसवणूक आहे. पण याच मास्तराने हजारो वेळा पोरांना सांगितलंय, "धडा वहीत उतरवून काढा." तीही नक्कलच! ती कोणाला फसवत नाही. पुस्तक फाटलं, ओढ्यात भिजलं, तर वही राहते. दोन्हीला आपण 'कॉपी' म्हणतो हा शब्दाचा दोष झाला, पोराचा नव्हे.

आता कायदा. मी रिकामा माणूस आहे, म्हणून मूळ इंग्रजी मजकूर बारीक अक्षरात दोनदा वाचला. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम ५२मध्ये कोणत्या गोष्टी उल्लंघन मानायच्या नाहीत याची लांबलचक यादी आहे. त्यात संगणक प्रोग्रामबद्दल स्पष्ट लिहिलंय : स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर वैयक्तिक वापरासाठी, प्रोग्रामची प्रत काढणं किंवा त्याचं रूपांतर करणं हे उल्लंघन नाही. प्रत आणि रूपांतर, दोन्ही. खेळातलं संगीत, चित्रं वगैरे उरली, तर त्याच कलमात खासगी वापराची वेगळी सवलत आहे.

मग कुलूप उघडण्याचं काय? त्यासाठी २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ घातलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ऐकून घाम फुटतो. पण वाक्य पूर्ण वाचावं, हे मी आयुष्यभर सांगत आलो. शिक्षा आहे ती हक्काचं उल्लंघन करण्याच्या *हेतूने* कुलूप तोडणाऱ्याला. आणि लगेच पुढच्या पोटकलमात म्हटलंय की या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी तसं करायला आडकाठी नाही. म्हणजे माझ्या सीडीतला माझा गेम माझ्या कार्डात घ्यायला मी माझ्याच यंत्राचं कुलूप काढलं, तर आपल्या संसदेने मला चोर म्हटलेलं नाही. भाचेजावयांनी म्हटलं, पण ते संसद नव्हेत.

अमेरिकेत मात्र गोष्ट उलटी. तिथल्या १९९८च्या कायद्याने कुलूप काढणं हाच मुळात गुन्हा ठरवला आणि मग दर तीन वर्षांनी सवलतींची यादी काढायची पद्धत ठेवली. आपल्याकडचे शहाणे इंटरनेटवर अमेरिकेचं वाचतात आणि आपल्या मास्तराला दम देतात!

आता या कुलपाची एक गंमत सांगतो. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ चालवण्याची ताकद या यंत्रात कोणी घातली? आमच्या नातवाने नव्हे. खुद्द सोनीने २००६मध्ये घातली. अट एकच : गेम त्यांच्या ऑनलाइन दुकानातून पुन्हा विकत घ्यायचा. घरातल्या कपाटात तोच गेम सीडीवर असला तरी! बरं, पुन्हा घेतो म्हटलं, तर जुलै २०२१मध्ये पीएसपीवरून थेट खरेदीची सोयच त्यांनी बंद केली. आधी घेतलेलं परत उतरवून घ्यायची मुभा तेवढी ठेवली. त्याच वेळी पीएस-थ्री आणि व्हिटा या यंत्रांची दुकानंही बंद होणार होती, पण गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला म्हणून ती तेव्हा वाचली. पीएसपीचं नाही वाचलं.

दुकान बंद करावं, कंपनीचा हक्क आहे. किराणावालाही म्हातारपणी शटर ओढतो. पण शटर ओढताना गिऱ्हाइकांच्या घरातल्या डब्यांची झाकणं तो बंद करून जात नाही! यंत्र माझं, सीडी माझी, चालवायची ताकद यंत्रात आहेच, आणि परवानगी देणारा दुकान बंद करून गेलाय. अशा वेळी झाकण उघडणाऱ्याला चोर म्हणायचं, तर हातात नुसतं यंत्र आलं, मालकी आलीच नव्हती असं म्हणावं लागेल.

आमच्या गडचिरोलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) गाव आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी. कागदावर बांबू गावाचा झाला. पण बांबू तोडून बाहेर विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात! हक्क गावाकडे आणि किल्ली खात्याकडे. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दिवशी बांबू खऱ्या अर्थाने गावाचा झाला.

बांबू कुठे आणि गेम कुठे, असं म्हणाल. पोटापाण्याची गोष्ट आणि करमणूक एका तागडीत मीही घालत नाही. पण 'मालक तू, किल्ली माझ्याकडे' हा डाव दोन्हीकडे तोच आहे. लहान गोष्टीत तो चालवून घ्यायची सवय लागली की मोठ्या गोष्टीतही माणूस मान डोलावतो. ट्रॅक्टर, टीव्ही, फोन, सगळ्यांच्या पोटात आता अशी कुलपं येताहेत.

"मग सगळ्यांचेच गेम फुकट उतरवून घेता का?" हा पुढचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. माझा नियम सांगतो. ज्याची सीडी घरात आहे तो गेम कार्डात. जो गेम कंपनी आजही विकते किंवा भाड्याने देते, तो हवा असेल तर पैसे मोजायचे, नाहीतर खेळायचा नाही. म्हणून माझ्या यंत्रात मारिओ नाही. त्याची कंपनी तो आजही देते. आणि कार्डात दहा-दहा हजार गेम कोंबून ती यंत्रं इंटरनेटवर विकणारे जे आहेत, त्यांची वकिली मी करत नाही. तो उघड धंदा आहे, दुसऱ्याच्या मालावर. (नव्वदच्या दशकातली '९९९९ इन १' कॅसेट आठवते का? आत पाच-दहाच गेम, तेच पुन्हा पुन्हा! फसवणुकीची परंपरा जुनी आहे.)

पण तिसरा ढीग उरतो आणि भांडण खरं तिथे आहे. जे गेम कोणीच विकत नाही, आणि ज्यांची सीडी आता सहजासहजी मिळत नाही, त्यांचं काय?

हा ढीग लहान नाही. जुलै २०२३मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे २०१०पूर्वी आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी! म्हणून ग्रंथालयांनी मागणी केली की असे खेळ दूर बसलेल्या अभ्यासकांना त्यांच्या संगणकावर दाखवू द्या. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नकार दिला. एक कारण काय, तर लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील! अहो, ग्रंथालयातून कादंबरी नेऊन कोणाला मजा आली तर आपण ग्रंथपालाला पकडतो का?

आपल्याकडची अवस्था तर आणखी वाईट, कारण आपण हिशेबच ठेवलेला नाही. भारतात भारतीयांनी बनवलेले प्लेस्टेशनचे खेळ मुळात बोटांवर मोजण्याइतके. हैदराबादला बनलेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा पीएस-टूचा गेम २००९चा. 'देसी अड्डा' नावाचा गेम त्याच सुमाराचा, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. मुंबईच्या कंपनीचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१०चा, गल्लीतल्या क्रिकेटवर. यातले 'देसी अड्डा' आणि 'स्ट्रीट क्रिकेट' पीएसपीवरही आले, आणि दोन्हींच्या सीड्या आमच्या ट्रंकेत निघाल्या. फार उत्तम खेळ आहेत असं नाही. विटी कधी उडते, कधी उडत नाही. पण आपल्या मातीतले खेळ त्या यंत्रात घालायचा पहिलावहिला प्रयत्न तो होता. उद्या कोणी विचारलं की भारतात हे कसं सुरू झालं, तर दाखवायला काय असेल? मोटर दमलेली यंत्रं आणि चरे पडलेल्या सीड्या. ज्यांनी कोणी कार्डात उतरवून ठेवलं, त्यांच्याकडेच काहीतरी असेल.

हे मी हवेत बोलत नाही. 'आलम आरा' हा १९३१चा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. मालकी हक्क होता, प्रत राहिली नाही. उलट 'लीळाचरित्र' बघा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरला बसून लिहिलेला मराठी गद्यग्रंथ. मूळ पोथी गेली. वाचला तो आठवणीतून पुन्हा लिहिणाऱ्यांमुळे आणि पिढ्यान् पिढ्या नकला करणाऱ्यांमुळे. पुढे त्या पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. एक प्रकारचं कुलूपच! शतकानुशतकं बाहेरच्या मराठी माणसाला ते वाङ्मय दिसलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि मराठी गद्याचा इतिहास एकदम मागे गेला. बी.ए.ला आम्ही तो अभिमानाने शिकलो. लिपी उलगडणाऱ्यांना कोणी चोर म्हटलं नाही आणि नकला करणाऱ्यांना तर आपण नमस्कार करतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जो खेळ मालकाने ठरावीक वर्षं विकायचा बंद ठेवला, तो ग्रंथालयांना जपू द्या आणि लोकांना वापरू द्या. मालकाने पुन्हा विक्री सुरू केली की बाजूला व्हावं. यात कोणाचं एक रुपयाचं नुकसान आहे? जे विकतच नाही त्याची विक्री बुडणार कशी?

आणि कलावंताच्या पोटावर पाय येतो म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. 'टेट्रिस' हा पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ १९८४मध्ये मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी बनवला. १९८९मध्ये तो गेमबॉयबरोबर जगभर गेला. कंपन्यांनी कोर्टात भांडणं केली, गल्ले भरले. पाजित्नोव्ह यांना त्याचं मानधन सुरू झालं ते १९९६मध्ये. हक्काच्या नावाने ओरडणारा दर वेळी कलावंतासाठीच ओरडतो असं नाही.

आरोप दुसरा : फोनवर फुकट गेम आहेत की, हे जुनं डबडं कशाला?

हा आरोप नागपूरच्या साडूंचा. त्यांच्या नातवाच्याच गोष्टीने उत्तर देतो. त्याने पबजीमध्ये वाढदिवसाचे पैसे घालून कपडे, बंदुका काय काय घेतलं होतं. २ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारने त्या गेमवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद. बंदी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. विषय असा की पोराकडे उरलं काय? काहीच नाही. कारण त्याच्याकडे कधी काही नव्हतंच. वस्तू दुसऱ्याच्या घरी होती, याने फक्त पैसे दिले होते.

हे फोनपुरतं नाही. 'द क्रू' नावाचा मोटारींचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा म्हटलं तरी तो खेळता येईना. त्यातून युरोपात 'खेळ मारू नका' अशी चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने तर २०२५पासून कायदाच लागू केला की डिजिटल वस्तू विकताना नुसतं 'विकत घ्या' लिहू नका, हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला सांगा. म्हणजे जग आता तिथे येतंय जिथे माझं डबडं आधीच उभं आहे. ते कोणालाही न विचारता सुरू होतं.

आणि 'फुकट' या शब्दाबद्दल बोलायचं तर, फोनवरचा गेम दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवतो, नाणी विकत घ्या म्हणतो, रात्री अकराला घंटी वाजवून बोलावतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमचा तर एवढा सुळसुळाट झाला की ऑगस्ट २०२५मध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. जुना गेम बनवणाऱ्याला तुमच्याकडून एकदाच पैसे मिळणार होते. ते मिळाल्यावर तुम्ही कितीही वेळ खेळा किंवा ट्रंकेत टाका, त्याचं काही बिघडत नव्हतं. म्हणून तो खेळ माणसाला सोडतो. डाव संपतो, बटण बंद, भाकरी खायला चला.

आरोप तिसरा : या वयात पोरखेळ, आणि वर पोरांना बिघडवता.

हा वहिनीचा. वहिनी, तुम्ही दुपारी पत्त्यांचा डाव मांडता तेव्हा मी काही म्हटलं का? असो.

पोरांचं मात्र गंभीरपणे सांगतो. लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून इकडच्या रस्त्यांवर पोरांचं खेळणं बंद झालं. पूर्वी रस्त्यावरच विटीदांडू, रस्त्यावरच क्रिकेट. आता आया ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात. मग शेजारची चार-पाच पोरं संध्याकाळी माझ्या ओसरीवर येतात. माझा क्रम ठरलेला. आधी मागच्या मोकळ्या जागेत खराखुरा खेळ, मग हातपाय धुऊन प्रत्येकाला एक डाव. यंत्र एक आणि पोरं पाच, त्यामुळे आपोआप पाळी आली, वाट बघणं आलं, हरणाऱ्याला चिडवू नये हे आलं. घरी प्रत्येकाच्या हातात बापाचा फोन आला की यातलं काहीच येत नाही.

आणि भाषा! ही पोरं घरी माडिया बोलतात. पहिलीत आली की मराठी त्यांना परकी. आम्ही शिक्षक मराठीत बोलत राहतो आणि ती खाली मान घालून बसतात. मला इथे १९८५च्या त्या मारिओचा पहिला पडदा आठवतो, नव्वदच्या दशकात टीव्हीवर बघितलेला. गडी डावीकडे उभा आणि उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे चालायचं उजवीकडे. समोरून एक लहानसा राक्षस येतो. धडकलात की मेलात. दुसऱ्यांदा पोरगं उडी मारतं. उडी मारताना डोकं चौकोनाला लागतं आणि नाणं निघतं. संपला धडा! एक अक्षर वाचायचं नाही, कोणी रागवायचं नाही, चुकलं तर पुन्हा सुरुवात. पाठाचं टाचण असं असावं. आमच्या प्रशिक्षणात इतका स्वच्छ पाठ कोणी घेऊन दाखवला नाही. 'देसी अड्डा'तला विटीदांडू बघून माडिया बोलणारं सहा वर्षांचं पोरगं स्वतःहून विचारतं, "गुरुजी, हे कसं?" चौथ्या दिवशी ते दुसऱ्याला मराठीत समजावतं. शाळेत त्याचं तोंड उघडायला वर्ष लागलं असतं.

हे यंत्र उद्या बंद पडलं, आणि दुरुस्त करणाऱ्याला आपण चोर म्हणत राहिलो, तर या ओसरीवर काय येईल ते मला माहीत आहे. जाहिरातींचा फोन येईल. तेव्हा प्रश्न मास्तराच्या करमणुकीपुरता नाही.

आता नातेवाइकांना आणि ब्लॉगर मित्रांना तीन विनंत्या.

एक, घरातली जुनी गेमची यंत्रं भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी फुगली असेल तर ती तेवढी काढून टाका, यंत्र ठेवा. कोणी खेळणारं नसेल तर मला कळवा.

दोन, सीड्या आहेत तोवर उतरवून घ्या. त्या कायम टिकत नाहीत. घरात एखादा पोरगा असतोच ज्याला हे येतं. त्याला 'उद्योग नाही का' म्हणण्याऐवजी चहा द्या.

तीन, काही विकत घेताना एक प्रश्न विचारा : हे विकणारा उद्या नसला तर ही वस्तू चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर ती खरेदी नाही, भाडं आहे. भाड्याइतकेच पैसे द्या.

भाचेजावयांवर राग नाही. पुढच्या वेळी इकडे आले की 'स्ट्रीट क्रिकेट'चा एक डाव त्यांच्याशी लावणार आहे. पोरांनी त्यांच्यासाठी पाळी राखून ठेवली आहे, पाचव्या नंबरची.

चला, लाइट आहे तोवर हे चढवून टाकतो. पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं, फक्त कलम ५२ वाचून लिहावं.